चित्रकलेच्या तासाला मुलं नेमकं काय शिकतात?

घरातला पितळी तांब्या टेबलावर ठेवा आणि आठवीतल्या मुलाला समोर बसवून काढायला सांगा. बहुतेक मुलं तांब्याचं तोंड जवळजवळ गोल काढतात आणि बूड मात्र पट्टीनं ओढल्यासारखं सरळ. दोन्ही चुकांचं मूळ एकच. तोंड गोल आहे हे मुलाला माहीत असतं, तांब्या टेबलावर सपाट बसतो हेही माहीत असतं. हात ती माहिती कागदावर उतरवतो आणि समोर काय दिसतंय हे बघायचं राहूनच जातं.

हायस्कूलच्या चित्रकलेचा गाभा इथे आहे. माहीत असलेली वस्तू बाजूला ठेवून दिसणारी वस्तू काढायला शिकणं. पालकसभेत दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "आमच्या पोराच्या हातात कलाच न्हाई, त्यो तासाला बसून करणार काय?" या प्रश्नाला नीट उत्तर द्यावंसं वाटतं, कारण आठवी-नववीत शिकवलं जातं त्यातलं बहुतेक सगळं कुठल्याही मुलाला जमण्यासारखं आहे. त्याच्या रीती ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक रीतीमागे कारण आहे.

आपल्याकडे या शिक्षणाचा सांगाडा ठरलाय तो राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांमुळे. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र (स्टिल लाइफ) येतं आणि भूमितीत घनाकृतींची भर पडते. शाळेतला तास पाऊण तासाचाही नसतो आणि आठवड्याला एक किंवा दोनच मिळतात. तरी या चार विषयांतून मुलाला जे मिळतं ते बाहेरून बघणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे.

तर तांब्या. गोल तोंड डोळ्यांच्या पातळीच्या खाली असलं की ते लंबगोल दिसतं. तांब्या उचलून तोंडाची कड बरोबर डोळ्यांसमोर धरली तर तेच तोंड एक आडवी रेघ होतं. टेबलावर खाली ठेवत गेलं की लंबगोल पसरत जातो. बूड तोंडापेक्षाही खाली असतं, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाईची दिसते. म्हणजे मुलानं जिथे सरळ रेघ मारली, तिथेच सगळ्यांत जास्त वळण हवं होतं. हे नुसतं सांगून पटत नाही. तांब्या हातात धरून वर-खाली करून दाखवला की मागच्या बाकावरून आवाज येतो, "व्हय की बाई, खरंच!" त्यानंतर ते मूल आयुष्यात पुन्हा सरळ बूड काढत नाही.

दुसरी रीत मोजण्याची. हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरायची आणि तांब्याच्या रुंदीवर अंगठ्यानं खूण करायची. मग तीच पेन्सिल उभी करून बघायचं, उंची रुंदीच्या किती पट आहे. कोपर वाकलं की माप बदलतं, कारण पेन्सिल डोळ्यांच्या जवळ येते. म्हणून आम्ही सतत "कोपर ताठ" ओरडत असतो. या मापाचा उपयोग सेंटिमीटर काढायला होत नाही, दोन गोष्टींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण काढायला होतो. शेजारी ठेवलेलं वांगं तांब्याच्या निम्म्या उंचीचं आहे की त्याहून थोडं जास्त, हे एकदा पक्कं झालं की कागदावर चित्र मोठं काढा की लहान, बिघडत नाही.

तिसरी रीत मला फार आवडते, कारण तिनं अवघड वाटणारी वस्तू एकदम सोपी होते. किटलीची कडी काढताना कडीकडे बघायचंच नाही. कडी आणि किटली यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते तिचा आकार काढायचा. कडी कशी असते याबद्दल डोक्यात ठसा असतो, मोकळ्या जागेबद्दल काहीच ठसा नसतो, त्यामुळे डोळ्याला प्रामाणिकपणे बघावं लागतं. ती जागा बरोबर आली की कडी आपोआप बरोबर येते. सायकल, खुर्ची, वडाच्या पारंब्या, असं सगळं काढताना ही रीत कामाला येते.

आकार जमला की छाया-प्रकाश. इथे मुलं एकाच पेन्सिलीनं एकाच दाबानं सगळीकडे काळं करतात. डोळे बारीक करून बघा, असं आम्ही सांगतो. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजेड, मधला भाग आणि अंधार एवढे तीन मोठे भाग उरतात. ते तीन आधी लावायचे. मग बारकावे. सावलीच्या बाजूला अगदी कडेजवळ थोडा उजेड परत दिसतो, तो टेबलावरून किंवा शेजारच्या वस्तूवरून उसळून आलेला असतो. तो सोडला तर तांब्या गोल दिसतो, काळा करून टाकला तर कापून चिकटवल्यासारखा. जमिनीवर पडलेली सावली वस्तू टेकते तिथे सगळ्यांत गडद असते आणि लांब जाताना फिकी आणि मऊ होत जाते.

माठ आणि पितळी तांब्या शेजारी ठेवले तर यातला आणखी एक धडा मिळतो. माठावर उजेडाकडून अंधाराकडे जाणं सावकाश होतं. पितळेवर पांढरा ठिपका आणि जवळजवळ काळा पट्टा एकमेकांना खेटून असतात आणि मध्ये काही नसतं. पितळ चकाकतं असं आपण म्हणतो तेव्हा डोळा हा खेटून असलेला फरक बघत असतो. मुलाला एवढं कळलं की ते साध्या पेन्सिलीनं पितळ, माती आणि काच वेगवेगळं दाखवू शकतं. रेघेवाचून नुसत्या छटांमधून काय उभं करता येतं हे बघायचं असेल तर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जा. सिनेमात नाव कमावलेल्या मांडऱ्यांनी पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रं केली. मुलाला त्यातलं एकच चित्र निवडायला सांगा आणि विचारा, सगळ्यांत गडद जागा कुठे आहे, सगळ्यांत उजळ कुठे. तेवढं पुरे.

यथादर्शन, म्हणजे जवळ-लांबचा फरक सपाट कागदावर दाखवणं, हा शब्द ऐकला की मुलं घाबरतात. महाद्वार रोडवर उभं राहून समोर बघितलं की भीती जाते. दुकानांच्या पाट्या आपल्या डोळ्यांच्या वर आहेत, त्यांच्या ओळी लांब जाताना खाली उतरत येतात. फूटपाथची कड डोळ्यांच्या खाली आहे, ती लांब जाताना वर चढत येते. दोन्ही जिथे भेटतील असं वाटतं तो लोपबिंदू, आणि तो तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरच असतो. तुम्ही खाली बसलात तर तोही खाली येतो. जिन्यावर चढलात तर तोही वर जातो. डोळ्यांच्या या पातळीला क्षितिजरेषा म्हणतात आणि चित्र काढायला बसल्यावर ती सर्वांत आधी ठरवायची असते.

या रेषेची एक किल्ली सांगते. सपाट मैदानावर तुम्ही उभे असाल आणि समोरची माणसं तुमच्याएवढ्याच उंचीची असतील, तर जवळचं असो की फर्लांगभर लांबचं, प्रत्येकाचं डोकं क्षितिजरेषेपाशीच येतं. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. रंकाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी उभं राहून हे पडताळून बघता येतं. मुलांच्या चित्रात लांबची माणसं हवेत तरंगतात किंवा जमिनीत रुतलेली दिसतात, कारण ती डोकी अंदाजानं वर-खाली ठेवतात.

कोल्हापूरच्या माणसानं यथादर्शन परकं समजायचं कारण नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले ते याच ज्ञानावर. सपाट कापडावर राजवाड्याचा लांबच लांब सोपा (खांबांची ओसरी) उभा करायचा तर क्षितिजरेषा प्रेक्षकाच्या डोळ्यांशी जुळायला हवी. नाहीतर समोर उभा असलेला नट मागच्या खांबांशी विसंगत दिसतो. बाबूराव पुढे इथेच कॅमेरा बनवून सिनेमाकडे गेले. पण त्यांची नजर तयार झाली होती ती ब्रश आणि छिन्नीवर.

लांबच्या गोष्टी लहान दिसतात तशा फिकट आणि निळसर होतात, हेही यथादर्शनच. पन्हाळ्याच्या वाटेवरून मागचे डोंगर बघा. जवळचा हिरवा, त्यामागचा निळसर हिरवा, सगळ्यांत मागचा जवळजवळ आभाळाच्या रंगाचा. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तो निळेपणा लांबच्या डोंगरावर चढतो. जितकी जास्त हवा मध्ये, तितका डोंगर निळा. मूल मात्र सगळे डोंगर एकाच चॉकलेटी रंगानं भरतं, कारण डोंगर मातीचा असतो हे त्याला माहीत असतं. पुन्हा तीच गाठ.

आता रंगांकडे. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, दोन-दोन मिसळून नारिंगी, हिरवा, जांभळा, हे पाचवीतल्या मुलालाही पाठ असतं. मग आठवीत जांभळा करताना चिखल का होतो? पेटीतला लाल जर स्कार्लेट असेल, म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला लाल, तर त्यात निळा घातल्यावर तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि तपकिरी तयार होतो. स्वच्छ जांभळा हवा असेल तर क्रिमसन घ्यायचा, तो निळ्याकडे झुकलेला असतो, आणि त्यात अल्ट्रामरीन निळा घालायचा. तसंच, लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिसळले तर झगझगीत हिरवा येतो. नारिंगीकडे झुकलेला पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळले तर ऊन खाल्लेल्या गवताचा, शांत हिरवा येतो. दोन्ही हिरवे कामाचेच. कुठला कशातून येतो हे कळणं महत्त्वाचं, आणि ते कळायला मुलानं एक पूर्ण कागद नुसती मिश्रणं करण्यात घालवायला हवा. हा कागद कुणाला दाखवण्यासारखा नसतो, म्हणून पालकांना तो वाया गेला असं वाटतं. वर्षभरातला तो सगळ्यांत मोलाचा कागद असतो.

रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात. मिसळले तर एकमेकांना मारतात आणि करडा होतो. बाटलीतल्या काळ्यापेक्षा असा करडा सावलीसाठी कितीतरी चांगला, कारण खऱ्या सावलीत रंग असतो. उन्हात ठेवलेल्या हळदीच्या ढिगाची सावली बघा, ती काळी नसते. काळी ट्यूब पहिले सहा महिने पेटीतून काढूनच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

जलरंगाचा क्रम आणि पोस्टर कलरचा क्रम उलटा आहे, इथे मुलांचा फार गोंधळ होतो. जलरंग पारदर्शक असतो. कागदाचा पांढरा हाच त्यातला उजेड. म्हणून फिकटाकडून गडदाकडे जायचं आणि जिथे पांढरं हवं तिथे कागद सोडायचा. रंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्तच गडद दिसायला हवा. पोस्टर कलर अपारदर्शक, झाकणारा. त्यात गडदावर फिकट देता येतं, फक्त खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा.

जलरंग म्हटलं की कोल्हापुरात आबालाल रहिमान यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत ते याच परिसराची चित्रं काढत राहिले. रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ. ज्या जागांवरून आपण रोज गाडीवरून जातो त्याच. वर्गाला रंकाळ्यावर नेलं की मी आधी अर्धा तास रंग उघडू देत नाही. पाण्यात आभाळाचा रंग आभाळापेक्षा थोडा गडद दिसतो, काठाची झाडं पाण्यात उलटी दिसतात पण त्यांच्या कडा आडव्या लाटांनी मोडतात. हे आधी शब्दांत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं की काढताही येतं.

स्मरणचित्र हा विषय सगळ्यांत जास्त बिघडवला गेलेला आहे. प्रश्नपत्रिकेत एखादा प्रसंग दिलेला असतो, बाजार, सण, एस.टी. स्टँड, खेळ, असा काहीतरी, आणि तो समोर काहीही नसताना काढायचा असतो. खरं तर ही नजरेच्या साठ्याची परीक्षा आहे. वर्षभर बघितलंय काय, ते इथे बाहेर येतं. पण अनेक ठिकाणी मुलांकडून तीन-चार तयार चित्रं घोटून घेतली जातात आणि विषय कुठलाही आला तरी तेच झाड, तीच झोपडी, तीच घागर घेतलेली बाई कागदावर येते. मुलावर हा मोठा अन्याय आहे. ज्या गावात खासबागेची कुस्ती आहे, जोतिबाची यात्रा आहे, दसरा चौकातलं सीमोल्लंघन आहे, त्या गावातल्या मुलानं कुणीतरी आखून दिलेली झोपडी काढावी याचं वाईट वाटतं.

या विषयात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे माणूस. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, चार-पाच वर्षांच्या मुलाची पाचेक डोकी. म्हणून मोठ्या माणसाचं चित्र लहान आकारात काढलं तर मूल होत नाही, तो लांबचा माणूसच राहतो. डोळे डोक्याच्या बरोबर निम्म्या उंचीवर असतात, मुलं ते कपाळावर चढवतात. पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत पुरेल एवढा असतो. हे लगेच आपल्या चेहऱ्यावर हात ठेवून तपासता येतं. आणि तोल: एका पायावर भार देऊन उभा असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या टाचेजवळ येतो. तालमीत पैलवानांचे पवित्रे बघताना मुलांना हे पटकन समजतं, कारण ओळंबा पायाबाहेर गेला की पुढच्याच क्षणी माणूस पडणार असतो. आधी पाठीच्या कण्याची एकच रेघ ओढायची, मग खांद्यांची, मग कमरेची. कपडे, चेहरा, मिशा नंतर. अशी मिनिट-मिनिटाची रेखाटनं एका जुन्या वहीत रोज केली तर स्मरणचित्राचा पेपर आपोआप तयार होतो.

संकल्पचित्रात नियम पालटतात. इथे दिसतं तसं काढायचं नाही, आकार सोपा करून सपाट रंगानं जागा सजवायची. दिलेला चौकोन किंवा वर्तुळ भागायचं, एक आकार घ्यायचा, तो फिरवायचा, उलटा करायचा, पुन्हा मांडायचा, आणि आकारांच्या मधल्या जागाही देखण्या दिसतील असं बघायचं. आकार सोपा करणं म्हणजे काय, हे कोल्हापुरी साजाकडे बघून जितकं चांगलं कळतं तितकं दुसऱ्या कशानंही नाही. त्यात चंद्र, मासा, कासव, बेलपान, शंख अशी पानं असतात. एवढ्याशा सोन्याच्या तुकड्यात मासा आहे, खवले नाहीत, पाणी नाही, तरी तो मासाच आहे हे लगेच कळतं. सोनारानं काय ठेवलं आणि काय गाळलं, ते वहीत लिहून काढा. कोल्हापुरी चपलेची वेणी घ्या, ती एका पट्टीत पुनरावृत्ती कशी करायची ते दाखवते. वर्तुळाच्या रचनेसाठी खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघा, मधोमध उघडं गोल आभाळ आणि त्याभोवती खांबांची वर्तुळं. शिलाहारांच्या काळातल्या त्या कारागिरांनी वर्तुळ कसं भागलं हे तिथे मान वर करून शिकता येतं.

रंग सपाट लागणं ही संकल्पचित्रातली खरी कसरत. रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ असा कालवायचा, आणि एका आकारासाठी लागेल त्याहून थोडा जास्तच, कारण संपल्यावर पुन्हा तीच छटा जुळत नाही. कडा आधी बारीक ब्रशनं, मग आतला भाग मोठ्या ब्रशनं. चार-पाच छटा खूप झाल्या.

भूमितीचा पेपर मुलांना कोरडा वाटतो. त्यातला घनाकृतींचा भाग, म्हणजे एखादी वस्तू वरून कशी दिसेल आणि समोरून कशी दिसेल हे दोन वेगळ्या आकृत्यांत काढणं, या जिल्ह्यात तरी कोरडा वाटायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये ओतकाम होतं ते अशाच आकृत्या वाचून. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणाऱ्याला कागदावरची दोन सपाट दृश्यं बघून डोक्यात पूर्ण वस्तू उभी करावी लागते. ज्यांच्या घरी फाउंड्रीत काम करणारं कुणी आहे, त्यांनी मुलाला एकदा तो आराखडा दाखवावा.

अक्षरलेखनासाठी "कोल्हापूर" हाच शब्द घ्या. डोक्यावर मात्रा आहे, पायाशी दीर्घ ऊकार आहे, मध्ये जोडाक्षर आहे. मूल पट्टीच्या पूर्ण उंचीत अक्षरं भरतं आणि मग मात्रेला वर आणि ऊकाराला खाली जागाच उरत नाही. म्हणून उंचीचे तीन भाग आधी आखायचे: शिरोरेषेच्या वर, अक्षराचं अंग, आणि खाली. अक्षरांमधलं अंतर पट्टीनं सारखं ठेवलं तर डोळ्याला सारखं दिसत नाही. "गा", "शा" मध्ये दोन उभ्या दांड्या शेजारी येतात, तिथे गर्दी वाटते, थोडं जास्त अंतर लागतं. "ट", "ठ" सारख्या गोल अक्षरांपाशी जागा आपोआप मोकळी दिसते, तिथे अंतर कमी करायचं. या शहरात हाताने पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा होऊन गेली. जी. कांबळे त्यातलेच. शासकीय कार्यालयांत दिसणारं शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्र त्यांचं आहे.

सामानाबद्दल पालकांची चिंता मोठी असते आणि खर्च चुकीच्या जागी होतो. छत्तीस रंगांची पेटी कुणालाच लागत नाही. बारा ट्यूबांची पुरते, त्यात क्रिमसन, स्कार्लेट, लेमन यलो, थोडा गडद पिवळा, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू असले की बाकी मिसळून होतं. पेन्सिली तीन: एचबी, टूबी, फोरबी. गोल ब्रश तीन, लहान-मध्यम-मोठा, आणि मोठा ब्रश चांगल्यातला घ्या, ओला केल्यावर टोक जमलं पाहिजे. पैसे घालायचे ते कागदावर. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, रंग खड्ड्यांत साचतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जलरंग येत नाही. पूर्ण इम्पीरियल कागद ३० बाय २२ इंचांचा असतो, त्याचे चार भाग केले की १५ बाय ११ इंचांचा पाव कागद मिळतो. ग्रेड परीक्षेसाठी याच आकारावर सराव करतात. पूर्ण कागद आणून घरी कापला तर स्वस्त पडतो. त्याखाली एक सपाट बोर्ड, दोन क्लिपा, सरकत नाही असा कंपास, पाण्याला दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुन्या सुती साडीचा तुकडा. झालं.

मोबाइलवरचा फोटो बघून चित्र काढणं ही आता सगळीकडची सवय झालीय. फोटोत अवघड काम आधीच उरकलेलं असतं. खोली असलेली वस्तू कॅमेऱ्यानं सपाट करून दिलेली असते, आणि मुलानं शिकायचं होतं ते नेमकं तेच सपाट करणं. शिवाय फोटोतल्या सावल्या बऱ्याचदा काळ्याठिक्कर येतात, त्यांतला रंग हरवतो. पावसात बाहेर जाता येत नसेल तर फोटोपेक्षा स्वयंपाकघरातली पाटा-वरवंटा, लसणाची माळ, स्टीलचा डबा यांची मांडणी खिडकीजवळ करा. एकाच बाजूनं उजेड येईल असं बघा.

परीक्षेचा व्यवहारही सांगायला हवा. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ असे वाढीव गुण मिळतात. पुष्कळ मुलं केवळ त्यासाठी बसतात, त्यात गैर काही नाही. पुढे याच वाटेनं जायचं असेल तर दहावीनंतर एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स आणि मग रंगकला किंवा उपयोजित कला यांच्या पदविका, शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी. ही कलाशिक्षक पदविका, आणि बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बी.एफ.ए. पदवी. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट या जुन्या संस्था आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं लागतात तेव्हा मुलाला घेऊन जा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनातही चित्रप्रदर्शनं लागत असतात. तिथे चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि मुलानं काही विचारलं तर बहुधा मनापासून सांगतो.

शाळेच्या तासाशिवाय बाहेरचा क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी तासभर तिथे बसून घ्या. मुलांसमोर खऱ्या वस्तू मांडल्यात की फळ्यावरच्या चित्राची नक्कल चाललीय, हे बघा. शिक्षक मुलाच्या कागदावर स्वतः रेघा मारतायत की मुलाला पुन्हा वस्तूकडे बघायला लावतायत, हेही बघा. शेवटी भिंतीवर लावलेली स्मरणचित्रं एकेक करून न्याहाळा. सगळ्यांत तीच झोपडी आणि तोच नारळ असेल तर दुसरा क्लास शोधा.